वडीलकीचा शुक्रवार

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या शहजादे नूरींना एक्याण्णवाव्या वर्षी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे हर्नडनच्या फैझीचा, त्यांच्या चुलतभावाचा, वडीलकीचा मान. उस्मानी तख्त जाऊन शंभर वर्षं उलटली, घराणं देशोधडीला लागलं. पण हयात पुरुषांत जो वयाने सर्वांत मोठा तोच घराण्याचा प्रमुख, हा नियम काही सुटला नव्हता. धाकट्याने दर शुक्रवारी सकाळी दहाला मोठ्याला फोन करून तब्येत विचारायची, हा रिवाजही सुटला नव्हता. अकरा वर्षं नूरी दातओठ खात विचारत, "तब्येत कशी आहे?" फैझी म्हणे, "अजून आहे," आणि फोन ठेवून देई. मग नूरी कॅलेंडरवरच्या त्या शुक्रवारावर कागद फाटेल अशी पेन्सिलने काट मारत.

दोघांचा जन्म बैरुतचा, नोंदीप्रमाणे एकाच तारखेचा. आजोबांच्या वहीत नोंद होती : नूरी, शुक्रवारी दुपारी, फैझी, शुक्रवारी संध्याकाळी. मार्चमध्ये एकदा नूरींनी ती देखभालीला येणाऱ्या नर्सला, नागपूरच्या प्रतिमाला, सहज वाचून दाखवली.

"एक मिनिट, काका," ती म्हणाली. 'युअर हायनेस' म्हणायला तिने पहिल्याच दिवशी साफ नकार दिला होता. "दुपार आधी, संध्याकाळ नंतर. मग सीनियर तर तुम्हीच झालात ना?"

जुन्या रीतीत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, वहीतली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपली गुरुवारची, म्हणून मोठा फैझीच, हे नूरींना पुरतं ठाऊक होतं. पण अमेरिकेत वाढलेल्या पुतण्या-भाच्यांना ते कुठून कळणार! त्यांनी त्या पानाचा फोटो, खाली भाषांतर लिहून, प्रतिमाकडून सगळ्यांना ईमेल करवला. आठवडाभरात घराण्याने कौल दिला आणि नूरी प्रमुख झाले.

फैझीने वाद घातला नाही. रविवारी फोनवर एवढंच म्हणाला, "खरं काय ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, नूरी. असो. येत्या शुक्रवारपासून फोन मी करीन."

मंगळवारी फैझी वारला. बुधवारी दफन झालं. पुतण्याने व्हिडिओ पाठवला आणि शेवटची माती पडेपर्यंत नूरींनी तो दोनदा पाहिला. दुःख तिळमात्र झालं नाही. संताप मात्र झाला. आपण आणखी थोडेच दिवस कळ काढली असती, तर हा मान खरेपणाने चालत आला असता. मेल्याने मरतानाही तेवढं सुख लाभू दिलं नाही.

शुक्रवारी दहाला फोन वाजला. प्रतिमाने उचलला.

"काका, तुमच्यासाठी. कोणीतरी आजोबा आहेत, नाव नाही सांगत. तब्येत विचारतायत."

"कुणाची तरी चेष्टा असेल," नूरी म्हणाले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

"तब्येत कशी आहे?"

आवाज फैझीचा होता. एकेक शब्द चावून बोलण्याची ती तऱ्हा मात्र नूरींची स्वतःची होती, अकरा वर्षांची. 'मोठा तूच,' एवढं म्हटलं असतं तरी फैझीला पुरलं असतं. ते ओठांवर आलंही. पण जन्मभर वाट पाहून हाती आलेला मान असा त्याच्या घशात घालायचा? नूरींनी पाठ ताठ केली.

"अजून आहे," ते म्हणाले.

पलीकडून कागद फाटेल अशी पेन्सिल ओढल्याचा आवाज आला.