वीरपुत्रांसाठी विमानफेरी

मी ज्या फ्लाइंग क्लबात काम करते, तिथे बरीच वर्षं माझं नाव 'अहो ऑफिस' होतं. फोन वाजला की "अहो ऑफिस, बघा जरा", पंखा बंद पडला की "अहो ऑफिस, कुणाला तरी बोलवा". मग एकदा कुणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं, की माझा धाकटा भाऊ हवाई दलात होता आणि विमान पडून गेला. त्या दिवसापासून मी एकदम 'ताई' झाले. अध्यक्ष स्वतः माझ्या टेबलापाशी आले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, की हे आधी का नाही सांगितलंत. आधी सांगितलं होतं. तेव्हाची रजा त्यांनीच मंजूर केली होती, तीही मागितली त्यापेक्षा कमी.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त वैमानिक. प्रवासी विमानं चालवण्यात हयात गेली, पण पट्ट्याने बांधून ठेवलेल्या लोकांसमोर बोलायची सवय काही गेली नाही. त्या सुमारास क्लबवर एक गंडांतर आलं होतं. धावपट्टीला लागून असलेली जमीन सरकारला परत हवी होती, तिथे बाजारसंकुल उभं राहायचं होतं. मंत्रीसाहेबांना क्लबवर आणायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं, आणि ते निमित्त ऑफिसात बसून फोन उचलत होतं. समितीची बैठक झाली आणि ठरलं, की शहीद जवानांच्या मुलांना विमानातून चक्कर मारून आणायची. ज्या मुलीचा बाप विमानात गेला तिला विमानात बसवण्याआधी दोनदा विचार करावा, असं एकालाही सुचलं नाही. मला सुचलं, पण मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही.

घरी सांगितलं तर वहिनीने सरळ नाही म्हटलं. वहिनी दवाखान्यात रक्त तपासणीला असते. सुई टोचताना तिचा हात हलत नाही, आणि बोलतानाही नाही. भाऊ गेल्यापासून तिचे इतके सत्कार झाले होते, की घरात भिंतीवरच्या घड्याळांना भिंती पुरेनात. "लोकांना वाटतं, हिच्याकडे आता वेळच वेळ आहे," ती म्हणायची आणि आलेलं घड्याळ खोक्यासकट माळ्यावर टाकायची.

पण माझी भाची, जिला आम्ही बारकी म्हणतो, ती म्हणाली की मी जाणार. तिला तेव्हा अकरावं लागलं होतं. का जायचंय, असं आईने विचारलं, तर म्हणाली, "बघायचंय." काय बघायचंय ते तिने सांगितलं नाही. वहिनी मग एवढंच म्हणाली, की उलटीसाठी पिशवी बरोबर ने.

कार्यक्रमाच्या दिवशी हँगरसमोर मांडव पडला. मुलांना टोप्या दिल्या, त्या मोठ्यांच्या मापाच्या, त्यामुळे निम्म्या मुलांना आकाश तर सोडाच, समोरचा माणूसही दिसेना. सदरे एका सिमेंटवाल्याने दिले होते आणि पाठीवर त्याच्या सिमेंटची मजबुती छापली होती. छातीवर लावायचे बिल्ले मात्र क्लबने स्वखर्चाने केले होते. सगळ्यांवर 'वीरपुत्र' असंच लिहिलेलं, कारण दोन प्रकारचे छापायला छापखानावाला तयार नव्हता. बारकीने तो वाचला, मुकाट्याने लावला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मंत्रीसाहेब उशिरा आले. तोपर्यंत ऊन चढलं होतं. आमच्या क्लबात उडायला शिकवणारी जी बाई आहे, तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी आजवर कुणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. विद्यार्थ्याने विमान सुरेख उतरवलं तर म्हणतात, "मोडलं नाही." त्या सकाळपासून विमान तपासून तयार बसल्या होत्या. दुपारकडे आमच्याकडे वारा आडवा सुटतो आणि मग लहान विमान उडवता येत नाही, हे क्लबातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. बाई दोनदा व्यासपीठाच्या मागे जाऊन अध्यक्षांना सांगून आल्या. अध्यक्षांनी दोन्ही वेळा न वळता पाठीमागे हात करून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांत आधी सिमेंटवाला बोलला, मग मंत्रीसाहेब बोलले, आणि मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला. शेजारी बसलेल्या वहिनीने माझ्या कानात विचारलं, की यांना उतरायला परवानगी कुणाकडून घ्यावी लागते. अध्यक्षांनी माझ्या भावाला आकाशाचा सम्राट केलं. ढगांशी झुंजणारा गरुड केलं. तो मालवाहू विमानात सामान चढवून बांधायचं काम करायचा, हे मी त्यांना लिहून दिलं होतं, पण गरुड सामान बांधतो असं भाषणात म्हणता येत नाही.

भाषण संपलं तेव्हा वाऱ्याने मांडवाचं एक टोक उचललं होतं. बाई म्हणाल्या, आज उड्डाण नाही. अध्यक्ष डगमगले नाहीत. मुलांनी उभ्या असलेल्या विमानात एकेक करून बसावं, खिडकीतून हात हलवावा, आणि फोटो काढून घ्यावेत, असं त्यांनी जाहीर केलं. विमान सुटू नये म्हणून चाकांना ठोकळे लावलेले होते, त्यांच्यावर एक सतरंजी टाकून ते झाकण्यात आले. मुलं आत बसली, हात हलवून उतरली, टाळ्या झाल्या.

मग आभार मानायला बारकीला पुढे बोलावलं. तिला एक चिठ्ठी दिली होती, त्यात लिहिलं होतं, की आज मी आकाशात जाऊन माझ्या बाबांना भेटून आले. तिने ती मनातल्या मनात वाचली, घडी घातली आणि माइकमध्ये म्हणाली, "मी कुठेच गेले नाही. विमान हललंच नाही. आणि बाबा गरुड नव्हते, ते सामान बांधायचे. सदऱ्याबद्दल आभार."

मंत्रीसाहेब हसले, म्हणून सगळे हसले. अध्यक्ष हसल्यासारखं करत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर तोवर निघून गेला होता, कारण त्याला हवं ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी छापूनही आलं, 'वीरपुत्रांची गगनभरारी'.

मंडळी जेवायला वळल्यावर बाई आमच्याजवळ आल्या. वहिनीशी नाही, माझ्याशी नाही, थेट बारकीशी बोलल्या. "उद्या सकाळी लवकर ये. ती टोपी घालून येऊ नकोस."

मी बाकीच्या मुलांच्या घरी फोन केले. काहींनी येतो म्हटलं, काहींचं एवढ्या सत्कारावरच मन भरलं होतं. सकाळी गेलो तर हँगरपाशी बाई होत्या, मेकॅनिक होता, आणि अध्यक्ष होते. जुना, कोपरावर विरलेला स्वेटर घालून ते स्वतः दुसऱ्या विमानाच्या काचा पुसत होते. मला वाटलं आता भाषण होणार. ते वहिनीसमोर आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि रांगेतल्या पहिल्या मुलाला उचलून विमानात बसवलं. त्या सकाळी त्यांनी आलेल्या बाकीच्या एकेका मुलाला वर नेऊन आणलं आणि इतकं अलगद उतरवलं, की बाईसुद्धा तिकडे बघत राहिल्या. वहिनी म्हणाली, "बोलत नसले की बरे वाटतात."

वहिनी वर यायला तयार नव्हती. ती बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. बारकी पुढे बाईंच्या शेजारी बसली, मी मागे. कानांना हेडफोन लावले होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. वर गेल्यावर बाईंनी हे घर, ती नदी, असलं काही दाखवलं नाही. बारकीही खाली बघत नव्हती. ती समोर बघत होती.

"विमान पडतं तेव्हा आतल्यांना कळतं का?" तिने विचारलं.

या प्रश्नावर आजवर तिला आम्ही सगळ्यांनी थापा मारल्या होत्या. बाबा झोपेत गेले, बाबा चांदणी झाले. बाईंनी हातातलं सुकाणू जरा सरळ केलं.

"कधी कळतं, कधी नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचं कसं पडलं?"

"डोंगराला धडकलं. धुकं होतं."

"मग बहुतेक नाही कळलं. धुक्यात डोंगर दिसतच नाही, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पण मी तिथे नव्हते, त्यामुळे खात्रीने नाही सांगत."

बारकी म्हणाली, "ते घाबरले असतील का?"

"विमान हलायला लागलं की सामान सुटतं. ज्याचं काम सामान बांधायचं, तो तेव्हा सामानाकडे धावतो. घाबरायला त्याला सवड नसते, नंतर घाबरतो."

"नंतर झालंच नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "ते झालं नाही."

बारकीने मान हलवली. रडली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, की हे चाक फिरवलं तर काय होतं. बाई म्हणाल्या, की हात लावशील तर खाली उतरवीन. मग स्वतःच तिचा हात धरून सुकाणूवर ठेवला. विमान एका बाजूला कललं आणि मी मागे पिशवी शोधायला लागले. ती बारकीकडे होती.

खाली उतरल्यावर वहिनीने लेकीचे केस सारखे केले आणि विचारलं, उलटी झाली का. बारकी म्हणाली, "मला नाही, आत्याला."

संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनीने मला विचारलं, वर काय बोलणं झालं. मी जसंच्या तसं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती थांबली. सुरी तशीच धरून म्हणाली, की हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं. मग, माझ्या भावाबद्दल ती कधी काही बोलत नसे तरी, आपणहून म्हणाली, "त्यांनी बांधलेलं काही मला कधी सुटलंच नाही. अंथरुणाची वळकटी असो, नाहीतर नुसती दुधाची पिशवी. दरवेळी कात्री शोधावी लागायची, आणि ते लांब उभे राहून मजा बघायचे."

ती हसली, म्हणून मीही हसले. बारकी दारात येऊन उभी राहिली आणि विचारायला लागली, काय झालं, सांगा ना. वहिनीने तिला जवळ ओढून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.