डोळ्यातलं दुसरं पाणी

मित्रांनो, कल्पना करा, तुम्ही अंगठ्याएवढे आहात, पोटात औषध आहे आणि डोक्यावर घट्ट टोपण. मी तशीच एक जुनी बाटली आहे.

डोळ्याच्या आत, बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, सतत थोडं पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून निघून जातं. वाट अडली की पाणी साचतं, दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. हा काचबिंदू. ती वाट मोकळी करणं मला जमत नाही. पण माझ्या थेंबाने पाणी तयार होणंच कमी होतं. नळ थोडा बंद करावा, तसं.

मला एका शिंपी आजोबांसाठी घेतलं. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "याने डोळ्यातलं पाणी कमी होईल. रोज घाला." आजोबांनी मान डोलावली आणि घरी येऊन मला शिलाईयंत्राच्या खणात ठेवून दिलं. आजी नुकतीच गेली होती.

"बाबा, औषध घातलंत?" सून विचारी.

"घातलं की. सुईत दोरा ओवतोय ना मी? डोळ्यांना काय धाड भरलीय?"

समोरचं त्यांना दिसे. बाजूचं मात्र मिटत चाललं होतं. कडेची कात्री धक्क्याने पडे, चौकट खांद्याला लागे. ते चौकटीलाच रागवत. माझी मुदतही उलटून गेली.

एकदा नातीने खण उघडला. माझं टोपणही फिरवलेलं नव्हतं.

"आजोबा, हे काय?"

त्यांनी मला खणातून उचलून मुठीत धरलं. मग म्हणाले, "तुझ्या आजीसाठी दुसरं काय उरलंय गं माझ्याकडे? तेवढं पाणी तरी राहू दे."

ती त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेली. सगळं ऐकून डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "आजोबा, अश्रू वेगळे. हे आतलं पाणी, ते कधी गालावर येत नाही. माझंच सांगणं अर्धवट राहिलं."

"मग गेलेली नजर?"

"ती परत येत नाही. उरलेली राखू या."

मित्रांनो, औषध घेतलं का, एवढंच घरच्यांना विचारू नका. का घेतलं नाही, तेही मायेने विचारा. मी भरल्या पोटी वाया गेले.

नातीने हात धुतले. नव्या बाटलीतला थेंब आजोबांच्या खालच्या पापणीत सोडला आणि तो नाकात उतरू नये म्हणून डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला.

"आता जरा डोळे मिटून बसा," ती म्हणाली. "मग रडा पोटभर."

आणि तीही त्यांच्याशेजारी डोळे मिटून बसली.