डाव्या आरशातली लव्हॉन

जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. माझी सवत सहा वर्षांपूर्वी वारली आणि मी तिच्या नवऱ्याशी लग्न केलं, त्याला आता चार वर्षं झाली. चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत आजही माझ्या हातचा रूबार्ब-पाय, म्हणजे आंबट देठांचा भाजलेला गोड पदार्थ, खाऊन कुणीतरी म्हणतंच, "छान झालाय हं, आर्लिस! लव्हॉन साखर जरा कमी घालायची." मी हसते. आमच्या आयोवात बायका अशा वेळी हसतात आणि घरी येऊन भांडी आपटतात.

घरगाडीही लव्हॉनचीच. तिने आणि माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, मिळून घेतलेली, आत पलंग, चूल, न्हाणीघर सगळं असलेली. ती गेल्यापासून मका कापायच्या यंत्राशेजारी शेडमध्ये झाकून पडली होती. या उन्हाळ्यात मीच म्हटलं, काढ ती बाहेर, नेब्रास्का-कॅन्सस करून येऊ. व्हर्लिन एकाहत्तर वर्षांचा. गेलं वर्षभर तो जेवता जेवता घास हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायचा. हाक मारली की दचकायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, की ही कोण बाई माझ्या घरात? मला माझा नवरा माणसात आणायचा होता. दुसरं काही नको होतं.

घरगाडीवाल्यांची एक रीत आहे. रात्रीच्या मुक्कामाच्या कॅम्पात ठरलेल्या जागेत गाडी उलटी, म्हणजे मागे घेत, घालायची, तेव्हा नवरा चाकावर, आमच्याकडे ते डावीकडे असतं, आणि बायको खाली उतरून मागे उभी. ती हातांनी खुणा करते, तो आरशात बघतो. हात स्वतःकडे ओढले की ये. डोक्यावर हातांची फुली केली की थांब. आणि बायको आरशात दिसेनाशी झाली, की असशील तिथे ब्रेक दाबायचा, विचार करायचा नाही. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून गंमत बघतात, पण मध्ये कुणी तोंड घालत नाही. गाडी मागे घेणं ही नवरा-बायकोची खाजगी बाब असते.

पहिल्या मुक्कामाला मी खाली उतरले, तर कॅम्पच्या मालकिणीने मला ऑफिसच्या दारातच गाठलं आणि आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा लावली. कशीबशी सुटून येते तर गाडी जागेवर. दोन झाडांच्या मधोमध, ओळंबा लावल्यासारखी सरळ.

"माझ्यासाठी थांबायला काय झालं होतं रे?" मी म्हटलं.

"म्हणजे? तूच तर होतीस डाव्या आरशात! काय झकास खुणा केल्यास!" व्हर्लिन खुशीत खाली उतरला आणि माझ्याकडे बघून घुटमळला. "रेनकोट काढलास होय? तो पिवळा?"

डोक्यावर ऊन होतं. माझ्या अंगात बिनबाह्यांचा झगा होता. आणि आमच्या घरातला एकुलता एक पिवळा रेनकोट लव्हॉनचा होता. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तो मी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत देऊन टाकला होता.

 म्हाताऱ्याचे डोळे, दुसरं काय, असं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी नेब्रास्कात शिरलो. रस्ता सरळ, दोन्हीकडे मका, दर दहा मैलांवर एक धान्याचं कोठार आणि एक पाण्याची टाकी. व्हर्लिन दिवसभर शीळ घालत होता. वर्षभरात मी त्याची शीळ ऐकली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं.

कॅम्पावर ऑफिसातल्या माणसाने आपणहून सरळ आत घालून सरळ बाहेर काढायची जागा देऊ केली. कुठलाही शहाणा माणूस अशा जागेवर झडप घालतो. व्हर्लिन म्हणाला, "नको. उलटी घालायची असेल ती द्या."

मी गाडीच्या मागे उजव्या बाजूला उभी राहिले आणि हात ओढू लागले. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याचं तोंड डाव्या आरशाकडे होतं आणि तो हसत होता. माझ्या डावीकडे, जिथे तो बघत होता तिथे, नुसतं गवत होतं. वारा वाहत होता, सगळं गवत वाऱ्याबरोबर हलत होतं, फक्त तेवढा दोन पावलांचा तुकडा दबून स्थिर होता.

शेजारच्या खुर्चीतला ओडेल नावाचा म्हातारा काठी टेकत माझ्याजवळ आला. "बाई, तुमच्या बहिणीचा हात काय तयार आहे हो! आमच्या हिने मला तीनदा खांबावर घातलंय."

"कोणती बहीण?"

"ती रेनकोटवाली. डावखुरी आहे ना?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "गेली वाटतं आत. आमचा कुत्रा मात्र तिला बघून खुर्चीखाली शिरलाय, अजून बाहेर येत नाही. वेडाय तो, मनावर घेऊ नका."

लव्हॉन डावखुरी होती. तिच्या कात्र्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत आणि मला त्या चालवता येत नाहीत.

जेवताना मी कणसाचं ताट त्याच्यासमोर आदळलं. "तुला ती दिसते."

"दिसते," व्हर्लिन म्हणाला. लपवलंही नाही मेल्याने. "फक्त गाडी मागे घेताना. पुढे जाताना कितीही बघ, नाही दिसत."

"आणि मी कुठे दिसते?"

"असं काय करतेस, आर्लिस? तू तर इथेच आहेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, उद्या घरी परत, आणि गाडी मी चालवणार. तो म्हणाला, अजून एकच मुक्काम, कॅन्ससमधला तलाव, आधीच ठरवलाय. मी विचारलं, तिच्याबरोबर तिथे गेला होतास ना? तो कणीस खात राहिला. इतक्या दिवसांनी तो पोटभर जेवत होता, म्हणून मी हरले.

तलावावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कॅम्प जवळजवळ रिकामा. त्याने मागून घेतलेली जागा अगदी काठावर होती, मागे उताराचं गवत आणि त्याखाली होड्या सोडायची सिमेंटची घसरगुंडी. मी म्हटलं, थांब, मी नीट बघून येते. खाली उतरले तोवर त्याने गाडी मागे घ्यायला सुरुवातही केली होती.

मी धावत उजव्या आरशात आले आणि डोक्यावर हातांची फुली केली. गाडी येतच राहिली. मी ओरडले. मागची चाकं जागेच्या टोकाला आडव्या टाकलेल्या ओंडक्यावरून धप्पकन उतरली, आतल्या कपबशा फुटल्याचा आवाज आला. गाडी घसरगुंडीला लागली, तरी त्याने ब्रेक लावला नाही.

मी वळसा घालून डावीकडे धावले. गाडीच्या कडेने एका जागी हवा इतकी गार होती की दात वाजले. ओल्या रबराचा वास आला. मी ओरडले, "लव्हॉन, सोड त्याला! तुझा होऊन गेला, आता माझा आहे!"  मागची चाकं पाण्यात शिरली.

काचेवर मुठी आपटून उपयोग झाला नसता, तो ऐकणाऱ्यातला नव्हताच. मी त्याच्या दाराजवळ पोचले, उडी मारून आरसा धरला आणि फाडकन मिटला.

गाडी जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप ब्रेकवर गेला असणार.

मी दार उघडलं. व्हर्लिन दोन्ही हातांनी चाक धरून रडत होता. मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसले.

"तिने बोलावलं तुला?" मी विचारलं. "पाण्यात बोलावलं?"

त्याने मान हलवली. "नाही गं. एवढे दिवस 'ये' करायची. आज पहिल्यापासून फुली. रडत होती आणि फुली करत होती."

"आणि तरी तू मागे घेत राहिलास?"

त्याने मिटलेल्या आरशाकडे पाहिलं.

"आणि मी? उजवीकडे मी दिसले का नाही?"

त्याने बाहीने नाक पुसलं. "दिसत होतीस की."

चार वर्षं मी एका मेलेल्या बाईवर दात खाल्ले. तिच्या कात्र्या, तिची साखर, तिचा रेनकोट. आणि आज आम्ही दोघी एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकाच माणसाला एकच गोष्ट विनवत होतो, आणि त्याने दोघींचंही ऐकलं नाही. आरसा मिटल्यावर ती दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे थांबला. मला फार वाईट वाटलं. रागसुद्धा येईना.

"सरक पलीकडे," मी म्हटलं. "पट्टा लाव."

तो मुकाट्याने सरकला. मी चाकावर बसले, गाडी चालू केली आणि खिडकीतून हात बाहेर काढून आरसा उघडला. आरशाशिवाय घरापर्यंतचा रस्ता कापता आला नसता.

ती होती. गुडघाभर पाण्यात, पिवळा रेनकोट, तोंड माझ्याकडे. दोन्ही हातांनी ती हवा ढकलत होती. जा, लवकर जा, घेऊन जा त्याला.

"आहे का गं?" व्हर्लिनने विचारलं. "आर्लिस, आहे का अजून?"

"नाही," मी म्हटलं आणि गाडी पुढे काढली.