हात पाठीमागे

“दे इकडे, तुला नाही जमायचं!” मंडळी, खरं सांगा, आज हे वाक्य आपण किती वेळा म्हटलं? घरात लेकीला, ऑफिसात नव्या माणसाला. आणि वर तोंड करून सांगायचं, मी मदतच केली!

मेडिकल कॉलेजातली ही ताईही तसलीच. शेवटच्या वर्षाला, भलती हुशार. धाकट्या विद्यार्थ्यांना सोनोग्राफी, म्हणजे पोटावर प्रोब फिरवून आतलं स्क्रीनवर बघणं, शिकवायला तिच्या प्राध्यापक बाईंनी तिला महिनाभर तयार केलं होतं. बाईंचा नियम एकच: “शिकवताना आपले हात पाठीमागे. प्रोब त्यांच्या हातात, प्रश्न तुझ्या तोंडात.”

“अशाने वर्ष जाईल, बाई! मी दाखवते, ते बघतील.”

“नुसतं बघून पोहता येतं का गं?”

ताईने मान डोलावली आणि केलं मात्र स्वतःच्या मनासारखंच. कुणाचा हात अडखळला, की “दे इकडे!” कुणी विचारलं, “ताई, हे काळं काय?” की “सावली आहे, पुढे चला.”

एका सकाळी येताना ती स्कूटरवरून पडली. हँडल बरगडीत लागलं. दुखत होतं, पण वर्ग चुकवेल ती ताई कसली! ज्याच्या पोटावर सराव करायचा तो मुलगा आला नव्हता, म्हणून तीच टेबलावर आडवी झाली.

पडदे ओढलेले होते. स्क्रीनची पाठ ताईकडे होती, आणि त्या निळसर उजेडात सहा चेहरे वाकून बघत होते. पोटावरचं जेल गार होतं, पण तिची बोटं त्याहून गार पडत चालली होती.

“काय दिसतंय?” तिने विचारलं.

पाच जण एका सुरात म्हणाले, “यकृत. मूत्रपिंड. मधे काही नाही. छान!”

शब्द तिचेच. ‘छान’वरचा हेलही तिचाच. ताईच्या अंगावर काटा आला. चेहरे अंधुक होऊ लागले.

मग सगळ्यांत मागे उभी असलेली, वर्ग जिला गप्पू म्हणायचा ती मुलगी हळूच म्हणाली, “पण मधे काळी पट्टी आहे.”

“सावली आहे, पुढे चला,” कुणीतरी ताईच्याच आवाजात म्हणालं.

ताईचा हात सवयीने उठला. “दे इक...” हात धपकन खाली पडला. पुन्हा उचलवेना.

“गप्पू, तू धर प्रोब,” ती कशीबशी म्हणाली. “तिरका कर. पट्टी जाते का?”

“नाही जात.”

“सावली असती तर?”

गप्पूने प्रोब पुन्हा तिरका करून बघितला. “सावली असती तर गेली असती. ताई, हे... अगं बाई! हे रक्त आहे! वाढतंय! पळा, बाईंना बोलवा!”

सकाळच्या त्या हँडलच्या माराने बरगडीखालची प्लीहा फाटली होती आणि रक्त पोटात साठत होतं. ऑपरेशन वेळेवर झालं, म्हणून ताई वाचली.

शुद्धीवर आल्यावर ती बाईंपुढे ढसाढसा रडली. “सगळे बघत होते, बाई, आणि दिसत कुणालाच नव्हतं. मीच त्यांना आंधळं केलं!”

“गप्पूला दिसलं ना,” बाई तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या. “तू प्रोब स्वतः न घेता तिच्या हातात दिलास म्हणून.”

“घेणारच होते. हात उचललाच गेला नाही.”

आता ताई ओढणीने हात पाठीमागे बांधून शिकवते. मुलं हसतात, हसोत बापडी! पण सगळे एका सुरात ‘छान’ म्हणाले, की तिची बोटं अजूनही गार पडतात. ती म्हणते, “पुन्हा बघा. तुमच्या शब्दांत सांगा.”

मंडळी, शिकणाऱ्याच्या हातातून काम हिसकावणं ही मदत नव्हे. त्याला चुकू द्या, विचारू द्या. एक दिवस त्या टेबलावर आपणच असू, आणि आपला हात उठणार नाही.