बसून दळायची चक्की

धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिठाच्या चक्क्या बनवणारा एक कारखाना आहे. चारुलता तिथं कामाला आली तेव्हा थंडीचे दिवस होते. सकाळी शेतांवर इतकं धुकं असायचं, की कारखान्याचं पत्र्याचं छत तेवढं वर तरंगताना दिसे.

चारुलता याच भागातल्या ब्राह्मणपुरीची. शिकून पुण्यात नोकरीला लागली होती, आणि बऱ्याच वर्षांनी या कामासाठी इकडे आली. काम सरळ होतं. ऑर्डरी घेणाऱ्या ममताताई फोनवर ग्राहकांशी बोलून जे लिहीत, ते सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदींच्या प्रणालीत असे. कोणती चक्की बनवायची, किती, कधी, हे कारखान्याच्या ईआरपी प्रणालीत. ही माहिती इकडून तिकडे कुणीतरी हातानं उतरवून घेई. आता दोन्ही प्रणाली जोडायच्या, म्हणजे ती आपोआप जाईल.

"नाव, मॉडेल, नग, तारीख," उत्पादन सांभाळणारे भूपेशभाऊ म्हणाले. "बाकी काही धाडू नको, ताई. मन्हा मानसेस्ले गोष्टी नको, नंबर लागस."

ग्राहक कशाला काय म्हणतात ते कळावं म्हणून चारुलता हेडफोन लावून जुने कॉल ऐकायला बसली. दुपारचं ऊन कीबोर्डवर यायचं. शेजारच्या शेडमध्ये चाचणीला लावलेल्या चक्क्यांची घरघर जमिनीतून तिच्या पायांत चढे, आणि कानात शहाद्याचे, नवापूरचे, अक्कलकुव्याचे आवाज. कुणी बोलता बोलता कोंबड्या हाकलत असे. कुणाच्या मागे पाणी पडत असे, नळाचं की झऱ्याचं, कळत नसे. तिला वाटे, आपण खुर्चीतून उठलो नाही, तरी कुणाकुणाच्या ओट्यावर बसून आलो.

त्यात एक आवाज पुन्हा पुन्हा येई. धडगावच्या वरच्या पाड्यावरच्या रमिलाबाई. त्या आपल्या पावरी बोलीत सुरुवात करत, मग ममताताईंसाठी मराठीवर येत.

"मी बसून दळते, बाई. पाय उभे राहत नाहीत. चक्कीचं तोंड माझ्या हाताला आलं पाहिजे."

ममताताईंनी ते जसंच्या तसं शेऱ्यात लिहिलं होतं. कारखान्याला मात्र मॉडेलचा नंबर तेवढा मिळाला. उंच चक्की गेली, परत आली. तिच्या बदल्यात दुसरी गेली, तीही तेवढीच उंच.

"मग?" चारुलतानं विचारलं.

"ठेवी लिधी तिनी," ममताताई म्हणाल्या. "घरवाला दाना टाकस. तो गुजरातले ऊसतोडीले गया, का चक्की बंद."

चारुलतानं रमिलाबाईंची ऑर्डर उघडली. मग तिनं ईआरपीत जाणाऱ्या माहितीत शेरा जोडला, आणि चाचणीसाठी हीच ऑर्डर पाठवली.

भूपेशभाऊ लगेच उठून आले. "ताई, मी नही म्हनेल व्हतं ना?"

"वाचलंत का?"

ते परत गेले, स्क्रीनसमोर उभ्या उभ्या वाचलं. "माले कोनी सांगं नही."

"मी सांगं," ममताताई म्हणाल्या. "तुम्ही गाडी भरी ऱ्हायन्थात."

भूपेशभाऊ तडक वळले. शेडमध्ये गेले आणि एका चक्कीपाशी फरशीवर बसले. हात वर केला. बोटं तोंडाच्या बरीच खाली राहिली. कामगारांना वाटलं, साहेबांचं काही खाली पडलं. ते मात्र कितीतरी वेळ तसेच बसून होते.

पुढे काही दिवस ते तिथंच खपले. खालची मोटर त्यांनी बाजूला घेतली, पट्टा लांबवला, चक्की बुटकी केली. "शेरा ऱ्हाऊ दे," जाता जाता चारुलताला म्हणाले.

ती चक्की घेऊन तिघं टेम्पोतून धडगावला निघाले. घाटात चारुलताला डुलकी लागली. झोपेत तिला प्रत्येक वळणावर फोनवरचा एकेक आवाज ऐकू येत होता, आणि डोंगर त्याला ‘हां, बोला’ म्हणत होते.

रमिलाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. ममताताईंनी नमस्कार करताच हसल्या. "तू ती फोनवाली!"

चक्की लावली. भूपेशभाऊ मक्याची टोपली उचलायला वाकले, तर रमिलाबाईंनी त्यांचा हात बाजूला केला. ओंजळीनं दाणे स्वतः टाकले. पीठ पडू लागलं तशी त्यांनी चिमूट उचलून बोटांत चोळली, पुन्हा चोळली.

"चूक माझी होती, बाई," भूपेशभाऊ म्हणाले.

"उभा राहून काय सांगतोस? बस इथं."

ते शेजारी मातीवर बसले. बातमी पाड्यावर पसरली, बायका टोपल्या घेऊन येऊ लागल्या. पावरीत काहीतरी बोलत, हसत होत्या. चारुलताला एक अक्षर कळत नव्हतं. ती कुडाला टेकली. उबदार पीठ हवेत उडून तिच्या केसांवर, पापण्यांवर बसत होतं, आणि तिला ते झटकावंसं वाटलं नाही.