पुढे ढकललेली तपासणी

घोडबंदर रोडवरच्या ज्या प्रयोगशाळेत निशा कामाला होती, तिथे कोरोनाच्या नमुन्यांचा जनुकीय क्रम उलगडून विषाणूचा कुठला प्रकार कुठे पसरतोय ते पाहत. कर्मचाऱ्यांचीही दर सोमवारी तपासणी व्हायची. डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी निशाने ती टाळली. घसा खवखवत होता. संध्याकाळी डोंबिवलीला चुलतभावाची, मयूरची, हळद होती, आणि पॉझिटिव्ह आलं असतं तर घरात कोंडून घ्यावं लागलं असतं.

"उद्या देते, आज लवकर निघायचंय," ती म्हणाली. कोणी अडवलं नाही.

हळदीला ती आवडाआत्याच्या मांडीला मांडी लावून बसली. आत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायचा मान तिचा. निशाला ती गाणी लहानपणापासून पाठ. दोघी तोंडाजवळ तोंड आणून हळद संपेपर्यंत गात राहिल्या.

आठवड्याभरात मांडवातली निम्मी माणसं तापाने पडली. निशाची तपासणीही पॉझिटिव्ह आली. पण तोवर सगळेच आजारी, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. गेलं ते दिपेशकडे. मयूरचा हा शाळेतला मित्र दुबईत क्रेन चालवायचा, लग्नासाठी सुट्टी काढून आलेला, आणि तोही तापाने पडला होता. परदेशातून आलेल्या नव्या प्रकाराच्या बातम्या तेव्हा रोज होत्या.

"त्यानेच आणला," मयूर म्हणाला, आणि गावभर तेच झालं. आत्याला कल्याणच्या एका दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तशी माणसं आणखी चिडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिपेशच्या आईला कोणी बोलावलं नाही. निशाच्या आईनेही नाही. निशा गप्प राहिली. तिलाही तसंच वाटत होतं. की तसं वाटून घेणं सोयीचं होतं, हे तिने तपासून पाहिलं नाही.

जानेवारीच्या अखेरीला त्या हळदीतले नमुने तिच्याच टेबलावर आले. नावं नव्हती, नुसते क्रमांक. पण गाव, वयं आणि तारखा पाहून तिने ओळखले.

"हे बघ," विभागप्रमुख भावना मॅडम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "विषाणू स्वतःची नक्कल काढताना चुकतो. बहुतेक चुका जागच्या जागी मरतात. नव्या प्रकारातली ही एक जास्तीची चूक मात्र टिकली. हळदीतल्या सगळ्यांत ती आहे. आपल्या स्टाफमधल्या एका नमुन्यातही आहे. फक्त हा परदेशातून आलेला वेगळा. याला जुनाच डेल्टा झालाय. याच्याकडून या बाकीच्यांना काही गेलेलं नाही."

"मग कोणाकडून गेलं?"

"ते नुसत्या यावरून नाही सांगता येत. आधी कोण आजारी पडलं, ते विचारायला हवं."

स्टाफमधला तो नमुना कोणाचा, हे मॅडमनी विचारलं नाही. बहुधा त्यांना माहीत होतं. निशाने मान वर केली नाही.

तिने घरी कोणालाच सांगितलं नाही. दिपेश दुबईला परत गेला, तेव्हा मयूर त्याला सोडायलाही गेला नाही. आत्या घरी आली, पण दोन ओळी गायल्या की तिला धाप लागायची. मार्चमध्ये लाट ओसरली आणि मॅडम सहज म्हणाल्या, "ती हळदीवाली शाखा आता कुठेच दिसत नाही. पुढे कोणाला गेलीच नाही, संपली."

निशाला हायसं वाटलं. जणू आता काही सांगायचं उरलंच नव्हतं. आणि आपल्याला हायसं वाटलं, याचीच तिला अशी लाज वाटली की ती त्याच संध्याकाळी आत्याकडे गेली.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "तू खाकरत व्हतीस, मना काय समजला नाय? मीच तुला उठवली नाय. गाना रंगला व्हता." मग श्वास घ्यायला थांबली. "माझा जाऊ दे गो. त्या पोराचा नाव खराब झाला, त्याचा काय?"

निशाने दिपेशला फोन लावून सगळं सांगितलं.

"तुला कळलं कधी?" त्याने विचारलं.

"जानेवारीत."

"आई होळीलाही बाहेर पडली नाही गं," एवढंच तो म्हणाला.

रविवारी मयूरच्या घरी सगळे जेवायला जमलेले असताना निशाने सांगून टाकलं. मयूर ताटावरून उठला. आई हळू आवाजात म्हणाली, "हे मला एकटीला सांगता आलं नसतं?"

"तुम्ही तरी त्याचं नाव कुठे एकट्यात घेतलं होतं?" निशा म्हणाली. त्या 'तुम्ही'त ती स्वतःही होती.

तिथून ती दिपेशच्या घरी गेली. त्याची आई ओट्यावर कोळंबी सोलत होती. सोलता सोलताच तिने ऐकलं. बस म्हणाली नाही. निशा दारातच उभी राहिली.

"दिपेशला माहितीये?" शेवटी त्याच्या आईने विचारलं.

"हो. त्याला आधी सांगितलं."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली.