व्याही झालेला कोट

मी रंगरावच्या फोटो स्टुडिओतला कोट बोलून राह्यलो. माह्या अस्तराची शप्पथ, सांगतो ते सोळा आणे खरं हाय. आता अस्तर दोनदा बदललं, ते अलग. पण बाहेरून मी तोच आहो, म्हणजे जेवढा उरलो तेवढा.

माहा जन्म खामगावचा. कापसाच्या जिनातल्या एका मुनीमानं मले शिवाले टाकलं. मी तयार होईस्तोवर मुनीमाचं पोट पुढं गेलं अन् मी मागं राह्यलो. शिंप्यानं मले रंगरावले देऊन टाकलं अन् बदल्यात सायकलवर बसून आपला फोटो काढून घेतला. सायकल रंगरावची. मागचा पडदाही त्याचाच, त्याच्यावर तलाव अन् तलावात दोन बदकं. शिंपी तलावात सायकल घेऊन काऊन गेला, हे कोणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी रंगरावनं माही पाठ मधातून उभी फाडली. जाड गिऱ्हाईक आलं की मी मागून उघडा, बारीक आलं की चिमटे लावून घट्ट. समोरून सगळे साहेब. सोयरीक जमवाले जे फोटो जात, त्यात नवरदेव बदले, कोट मीच. एका घरी तीन स्थळांचे तीन फोटो गेले, तं पोरीची मावशी म्हणे, "तिघं भाऊच दिसतात बाई. पाळीपाळीनं घालतात."

रंगरावले नवीन काही करून पाह्याचा भारी नाद. एकाच माणसाले दोनदा काढून तो त्याले स्वतःशीच पत्ते खेळवे. नवरीले कमळात बसवे. काया-पांढऱ्या फोटोत ब्रशानं गाल गुलाबी करे. एकदा तहसीलदाराचे गाल इतके गुलाबी झाले की तहसीलदारीणबाई घरी बोलल्या नाहीत म्हणतात.

महाराष्ट्र नवानवा झाला होता तवाची गोष्ट. धामणगाव बढ्याले पुष्पा नावाच्या पोरीचं लगन होतं. रंगराव कॅमेरा, तिपाई अन् मले घेऊन यष्टीनं गेला. मांडवाच्या मागं हळदीच्या अंगानं पुष्पा त्याच्यापाशी आली.

"दादा, फोटोत मले बाप पाहिजे."

"बोलाव मंग."

"वारले ना. मी लहान होती तवाच."

"त्याहिचा जुना फोटो देजो. चिकटवून देतो."

"फोटोच नाही काढला कधी."

रंगरावनं डोकं खाजवलं. "मंग मायसंग काढू."

"मायले कोण बसू देते? कपाळाले कुंकू नाही तिच्या. सकाळपासून चुलीपाशी बसून हाय. बाप बसला असता, तं माय बाजूले बसली असती."

"म्हणजे बाप बसला की माय बसते?"

"हाव."

"एवढंच ना? मंग बसवू बाप."

त्यानं मले खुर्चीत बसवलं. घरात यंदाचा कापूस पडला होता, तो माह्यात ठासून भरला. बाह्याही भरल्या. गळ्यावर एक मडकं पालथं ठेवलं अन् मडक्याले पुष्पाच्या काकानं, भगवानरावनं, स्वतःच्या हातानं फेटा बांधला. बांधता बांधता, मेलेल्या भावाले विचारावं तसं त्याच्या तोंडून निघालं, "बाबू, सैल तं नाही ना झाला?" मंग तोच दचकला.

तेवढ्यात वरबाप आले. बीबी गावचे नारायणराव. मोठे शेतकरी, अन् फोटोचे मोठे हौशी.

"हे कोण हो?" त्याहिनं विचारलं.

"तुमचे व्याही," रंगराव म्हणे. "तोंड खामगावले गेल्यावर लागते. नवीन पद्धत हाय."

"मुंबईले असंच चालते काय?"

"मुंबईले अजून पोचली नाही."

हे ऐकून नारायणरावची छाती फुगली. व्याहीभेटीची वेळ झाली होती. खरं तं ती भेट भगवानराव घेणार होता. पण नारायणराव म्हणे, "काकासंगचा फोटो कोण लावते भिंतीवर? खऱ्या व्याह्यासंगच काढा." त्याहिनं मले गुलाल लावला, खांद्यावर उपरणं टाकलं, बाहीवर पानसुपारी ठेवली अन् कचकचून मिठी मारली. रंगरावनं फोटोची प्लेट घेतली. आजपर्यंत लोकांनी मले घातलं होतं. मिठी कोणी मारली नव्हती. माह्या पाठीतून थोडा कापूस बाहेर आला.

अक्षता पडल्या. घरच्या फोटोसाठी सगळे मांडवात जमले. पुष्पा उठली, चुलीपाशी गेली अन् मायचा हात धरून तिले घेऊन आली. मनकर्णाबाई डोक्यावरचा पदर वढत वढत "अवं नको ना पोरी, नको ना" करत होती. माह्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

नारायणरावनं हात वर केला. "विहीणबाईनं फोटोत बसू नये. शुभ काम हाय."

"माय नाही तं मीही नाही," पुष्पा म्हणे अन् उभीच राह्यली.

भगवानरावचं पाणी पाणी झालं. "पुष्पे, गप बस. सासर हाय ते तुहं."

 नवरदेव चपलेकडं पाहून राह्यला. मनकर्णाबाईनं पोरीच्या हातातून हात सोडवून घेतला अन् परत फिरली.

कॅमेऱ्यावरच्या काया कपड्याच्या आतून रंगरावचा आवाज आला. "थांबा बाई. तुमचे मालक बसले आहेत ना इथं."

"मालक कायचे? कोट हाय तो बे!" नारायणराव तडकले.

रंगरावनं डोकं बाहेर काढलं. "मंग मघा तुम्ही मिठी कोणाले मारली?"

नारायणरावनं माह्याकडं पाह्यलं. मी काय बोलणार? मडकं होतो.

भगवानरावले तवा कुठून हिंमत आली कोण जाणे. "पाहुणे, कोट असंल तं व्याहीभेट झाली नाही. अन् भेटच झाली नाही, तं लगन पुरं झालं असं कसं म्हणावं?"

वऱ्हाडातून कोणीतरी फिसकन हसलं. नारायणरावनं मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला. "व्याही सोता बसले आहेत म्हणल्यावर आमचं काय अडलं? बसा विहीणबाई. बसा."

मनकर्णाबाई माह्या बाजूले बसली. अंग चोरून. रंगराव वरडला, "हलू नका!" अन् त्याच घडीले माह्या मडक्यावरचा फेटा हळूच घसरून खांद्यावर आला. तिनं तिरप्या डोळ्यानं पाह्यलं. पदर तोंडाले लावाले हात उचलला, पण उशीर झाला होता. रंगरावनं प्लेट घेतली.

पुढं माय-लेकी खामगावले आल्या. रंगरावनं बिनतोंडाचा फोटो टेबलावर ठेवला, पेन्शील घेतली. "सांगा बाई, नाक कसं होतं त्याहिचं?"

मनकर्णाबाई फोटो पाहतच राह्यली. मंग म्हणे, "मी हसली काय हो यात?"

"हसल्या."

"राहू द्या मंग असंच. तोंड नका लावू."

"अवं, काऊन?"

"ते असते तं म्हणले असते, चार माणसांत दात काढून राह्यली. मडक्याले पाहून हसली मी. मडकंच राहू द्या."

रंगरावनं पुष्पाकडं पाह्यलं. बाप तिलेच पाहिजे होता. पुष्पानं फोटो उचलला, मायच्या तोंडावरून बोट फिरवलं. "राहू द्या दादा," ती म्हणे. "अशी माय मी कधी पाह्यलीच नव्हती."

बीबीले मात्र व्याहीभेटीचा फोटो तोंड लावूनच गेला. नारायणराव पाहुण्याले दाखवत, "आमचे व्याही लय रुबाबदार होते." दिसणारच. तोंड रंगरावचं होतं, वरून ब्रशानं मिशी.

आता पोरं आपापले टेरिलीनचे बुशकोट घालून येतात. मी खिळ्यावर असतो. बदकांचा रंग उडाला, तलाव राह्यला. कधीमधी वाटते, कोणीतरी यावं, मले खाली काढावं, चिमटे लावावे. नाहीच कोणी आलं, तं निदान धूळ तरी झटकावी.

बरं, फोटो काढाले आले अन् तुम्ही उठून कुठं चालले? रंगराव प्लेटा धुऊन राह्यला, त्याले टाईम हाय. आमच्या खामगावात गोष्ट फुकट ऐकाची रीत नाही. पैसे नका देऊ, माहे खिसे फाटले आहेत. पण माह्या छातीचं बटन मागच्या सालीच गेलं. तुमच्या बुशकोटाले चांगली सहा-सात दिसतात. खालचं एक तोडा अन् ठेवा इथं. खालचं कोणी पाहत नाही.